गुलाबरावांची दोन सीटांची गाडी

माझ्या धंद्यात एक मोठीच अडचण आहे. काम चांगलं झालं की गिऱ्हाइकाला काहीच ऐकू येत नाही, आणि जे ऐकूच येत नाही त्याबद्दल शाबासकी कोण देणार? रंगारी गाडी रंगवून देतो तर चार माणसं थांबून पाहतात. वायरिंगवाला हॉर्न बसवून देतो तर चौकभर कळतं. मी ब्रेकवाला. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक करतो आहे. गाडी थांबली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे माझं उत्तम काम. म्हणून माझी तारीफ मलाच करावी लागते. बायको म्हणते, "तुमाले गिऱ्हाइकाची गरजच नाई. तुमी एकटेच तोंडभर बोलून घेता." ती म्हणते त्यात खोटं काही नाही. या लेखात ज्या गोष्टीबद्दल मी लिहिणार आहे, तीही याच तोंडामुळे घडली.

आधी ब्रेक म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं. पुढच्या चाकाच्या आत ताटाएवढी लोखंडी चकती असते, चाकासोबत फिरणारी. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. आपण पाय दाबला की ते पॅड चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. पॅड झिजतात, ते बदलायचे. आता राहिला आवाज. चकतीला घासताना पॅड थरथरतो, आणि पाठीमागच्या लोखंडावर इतक्या झपाट्यानं वाजतो की त्याची शिट्टी होते. ती थांबवायला पॅडच्या पाठीला रबराचा थर दिलेला एक पातळ पत्रा लावतात, त्याला शिम म्हणतात. हॉटेलात टेबल डुगडुगलं की आपण पायाखाली कागदाची घडी सरकवतो, तसलंच हे काम. शिमच्या पाठीला नखभर खास ग्रीस लावायचं. फक्त पाठीला. पॅडच्या तोंडाला तेलाचा थेंब जरी लागला तरी तो पॅड गेला समजा.

आवाजाच्या बाबतीत लोक मोठे विचित्र असतात. देवळीचे एक कापूसवाले शेठ यायचे. ब्रेक ओरडतो म्हणून त्यांनी आणखी मोठा टेप बसवून घेतला आणि सहा महिने गाणी ऐकत फिरले. माझ्याकडे आले तेव्हा पॅड नावाला शिल्लक नव्हता, लोखंडावर लोखंड घासत होतं आणि चकतीला नांगरल्यासारखे चर पडले होते. मी असा भडकलो की शेठ माझ्याच स्टुलावर बसून पाणी मागू लागले. दुसरे एक कचेरीतले बाबू. त्यांच्या गाडीचा आवाज मी बंद केला तर आठ दिवसांनी परत आले. म्हणाले, "मधूभाऊ, पैल्यासारखं करून द्या ना. आवाज होता तं लोकं आपोआप बाजूले होत होते. आता हॉर्न वाजवा लागते." मी त्यांना हात जोडून रवाना केलं.

पण मला सांगायचं आहे ते गुलाबरावांबद्दल. एका सकाळी शेडसमोर हळदीसारखी पिवळी, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी येऊन उभी राहिली. उभी राहिली म्हणण्यापेक्षा किंचाळली म्हणा. नाक्यावरच्या चहावाल्यानं कानावर हात ठेवले. गाडी इतकी बुटकी की आतला माणूस विहिरीतून वर यावा तसा बाहेर आला. साठीच्या पुढचा, खाकी पँट, पांढरा बुशशर्ट, पायात चपला. मी ओळखलं. आर्वी डेपोचे गुलाबराव. तीस वर्षं येस्टी चालवलेला माणूस. त्यांच्या गाडीनं मी स्वतः कितीदा आर्वीला गेलो होतो.

"पोरीची हाये," मी विचारायच्या आत ते म्हणाले. "ते दोन वर्सासाठी परदेशात गेली कंपनीच्या कामाले. पुन्यात कुठं ठेवा म्हनून मायाजवळ देली. म्हने, बाबा, बस लय चालवली, आता हे चालवा."

"मग चालवा. काय झालं?"

"वरडते. आन् सिंधू बसत नाई."

सिंधूताई म्हणजे त्यांची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. गल्लीत गाडी थांबली की ब्रेकच्या आवाजानं घराघरातून लोक बाहेर येत आणि बाई दारातच शरमून उभ्या राहत. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, ही गाडी चूप होईल त्या दिवशी मी बसेन.

मी म्हटलं, नसतील बसत तर नसू देत, तुम्ही एकटे फिरा. तर गुलाबराव बोनेटवरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, "मधूभाऊ, तीस वर्स गाडी चालवली, पन बायको बाजूले बसली नाई. येस्टीत डायवरच्या बाजूले असते का सीट? ते माहेरी जाये देवळीले, तं तिसऱ्या रांगेत बसे. माया डोक्यावर पाटी. चालकाशी बोलू नये. मास्तरीण बाई. पाटीवर लिवलं म्हनजे लिवलं. आर्वीपासून वर्ध्यापर्यंत एक शब्द बोले नाई. मले आरशात दिसे फकस्त." मग गाडीच्या डाव्या सीटकडं बोट करून म्हणाले, "याच्यात पाटी नाई. मले एकडाव तिले बाजूले बसवून केळझरले न्याचं हाये, गनपतीले. बोलत बोलत."

आता एवढं ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस नाही कसा म्हणणार? खरं सांगायचं तर तोवर मी स्पोर्ट्स गाडीला हात लावलेला नव्हता. पण ते कबूल करायची माझी जीभ नाही. म्हटलं, "ठेवून जा. उद्या आवाज आला तं माया नावाची पाटी उतरवून टाकजा."

पहिली फजिती जॅकपाशीच झाली. गाडी जमिनीला इतकी लागून की माझा जॅक खाली जाईना. शेवटी बाभळीच्या दोन फळ्या टाकून चाकं त्यांच्यावर चढवली तेव्हा कुठे फट झाली. चाक काढलं आणि मी खूश झालो. आपल्या साध्या गाड्यांत पॅड काढायला त्यांना धरून ठेवणारा सगळा जबडा सोडवावा लागतो. इथे नुसत्या दोन पिना ठोकून काढल्या की पॅड वरून उचलून हातात. आणि आवाजाचं कारणही लगेच दिसलं. आधी कोणीतरी पॅड बदलताना शिमा काढून फेकून दिल्या होत्या. पॅडच्या पाठी उघड्या. असल्या कामचुकारांचा मला मनस्वी राग येतो. दिसत नाही ना, मग नाही बसवली तरी चालते, अशी यांची रीत.

पॅड आणि शिमा पुण्याहून मागवल्या. पॅडला ढकलणारे पिस्टन हळूहळू मागे दाबले, शिमा बसवल्या, पाठीला नखभर ग्रीस, चकत्या पुसून लख्ख. मग देवळी रस्त्याला नेऊन नवे पॅड रुळवले. म्हणजे मध्यम वेगात न्यायचं, ब्रेक हलका दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं पंधरा-वीसदा केलं की पॅडचं आणि चकतीचं जमतं. परत आलो तेव्हा गाडी मांजरीसारखी थांबत होती. मी गुलाबरावांना फोन केला, वहिनींना घेऊन या.

ते दोघं येस्टीनं आले. शेवटचं म्हणून मी डावं चाक पुन्हा काढून तपासत होतो. वहिनी बारीक चणीच्या, चष्मा, पर्स छातीशी धरलेली. शाळा तपासायला आल्यासारख्या सगळीकडे पाहत होत्या. विचारलं, "नेमकं काय केलं तुम्ही?" इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. लोक विचारतात, कधी होईल. मग काय, मी सुटलो. चकती दाखवली, पॅड दाखवले, शिमेचं टेबलाच्या घडीचं उदाहरण दिलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. आणि शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, लोकं बोनेटवर स्वस्तिक काढतात, नाकाले हार बांधतात. सगळं चुकीचं. गाडीत देव असन तं या चकतीत असन. हिच्याच भरवशावर माणूस घरी वापस येते." वहिनींनी चष्मा सावरून चकतीकडे नीट पाहून घेतलं.

चाक बसवलं. त्या डाव्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर. गाडी नाक्यापर्यंत गेली, थांबली, वळली. शिट्टी नाही, काही नाही. मी चहावाल्याकडे असं पाहिलं की त्यानं न मागता चहा आणून दिला.

चार दिवसांनी चतुर्थी होती. ते दोघं केळझरला गेले. पाचव्या दिवशी सकाळी गाडी माझ्या शेडसमोर आली आणि पहिल्यापेक्षा वाईट ओरडली.

गुलाबराव बाहेर आले. मी पाणी दिलं, स्टूल दिलं. मग हळूहळू कळलं. जाताना सगळं ठीक होतं. वहिनी सेलूपर्यंत थोड्या घाबरून बसल्या, मग सैल झाल्या, चक्क बोलू लागल्या. दर्शन झालं. परत निघाले आणि पहिल्याच ब्रेकला गाडी किंचाळली, शिवाय उजवीकडे ओढायला लागली. सेलूच्या अलीकडे रस्त्यावर बकऱ्या आल्या. गुलाबरावांचा पाय पक्का, म्हणून गाडी थांबली, पण थांबायला हवी होती त्याच्या पुष्कळ पुढे जाऊन. एक बकरी बंपरला घासून गेली. वहिनी खाली उतरल्या त्या पुन्हा बसल्याच नाहीत. सेलूच्या स्टँडपर्यंत चालत गेल्या, येस्टी आली, चढल्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी मांगं मांगं. आर्वीपर्यंत. तिसऱ्या रांगेत बसली होती. मांगच्या काचातून दिसे कधी कधी." ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "पोरीले सांगतलं तिनं फोनवर, इकून टाक म्हने गाडी."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला वाटलं, माझ्याच हातून ग्रीस पॅडच्या तोंडावर गेलं. पस्तीस वर्षांत कधी घडलं नव्हतं, पण वय होतं माणसाचं, बोट घसरतं. मी मोठ्या तोंडानं नावाची पाटी पणाला लावली होती आणि बकऱ्यांच्या जागी शाळेतून सुटलेलं एखादं लेकरू असतं तर मी काय केलं असतं? फळ्या टाकल्या, चाक काढलं, पिना ठोकल्या. 

शिमा जागच्या जागी होत्या. ग्रीस पाठीवरच होतं, नखभर. आतला पॅड स्वच्छ. बाहेरचा पॅड मात्र काचेसारखा चकाकत होता, आणि त्याच्या मधल्या खाचेत काहीतरी केशरी भरलं होतं. नखानं उकरलं. तेलकट. वास घेतला तर जळक्या तेलाचा. तो रंग मी कुठंतरी पाहिला आहे असं वाटत राहिलं, आणि मान वर केली तर समोरच्या फळीवर माझा गणपती. तोच रंग. शेंदूर.

झालं, माझं डोकं सटकलं. मघाची भीती सगळी रागात गेली. "गुलाबभाऊ, कोन शायना माणूस आहे हा? चकतीले शेंदूर फासते? तेलात कालवलेला? हा ब्रेक आहे का मारुती आहे?" ते गोंधळून गेले. त्यांनी पाहिलंच नव्हतं, देवळात चपला सांभाळत बसले होते. मी म्हटलं, "वहिनीले बोलवा. मले त्याइच्यासमोर दाखवाचं आहे हे. काम मायं नाई चुकलं."

दुपारच्या येस्टीनं वहिनी आल्या. मी पॅड त्यांच्यासमोर धरला आणि रंग दाखवला. त्यांनी चष्मा सावरला, पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीच लावला," त्या म्हणाल्या. "देवाले वाटीत नेला होता तेलात कालवून. उरला थोडासा. चाकाच्या काड्यांमधून ती चकती दिसत होती, हात गेला आतपर्यंत. दोन्ही बाजूले लावला. डावीकडं जास्त, मी तिकूनच उतरली होती." मग जरा थांबून शांतपणे म्हणाल्या, "तुमीच तं म्हणलं होतं, मधूभाऊ. बोनेटवर नाई, देव असन तं चकतीत असन. म्हणून बोनेटले काहीच नाई लावलं मी."

 ज्या माणसाला पस्तीस वर्षांत कोणी गप्प करू शकलं नाही, तो हातात पॅड घेऊन उभा. बाईंनी नीट प्रश्न विचारला, नीट ऐकलं, आणि मी सांगितलं तसंच केलं. तेलाचा थेंब लागला तर पॅड जातो, एवढं एक वाक्य माझ्याकडून सांगायचं राहून गेलं होतं. शेखी मिरवायच्या नादात कामाचं तेवढं गाळलं. मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "वहिनी, चूक माझी आहे." हे वाक्य मी घरीसुद्धा फारसं वापरत नाही.

वहिनी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मी अडतीस वर्ष शाळेत होती. लेकरं आपण सांगतलेलं खरं मानतात. म्हणून जपून बोला लागते. माझ्याही हातून झालं असन असं, कोणाले माहीत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी काऊन असं तोंड करून बसले?"

गुलाबराव म्हणाले, "इकाची का मंग गाडी?"

त्यांनी पर्स पुन्हा छातीशी धरली. ओढणाऱ्या गाडीत बकऱ्या अंगावर येताना त्या बसल्या होत्या, मी नव्हतो. त्यांची भीती शब्दांनी जाणारी नव्हती.

तेलानं भिजलेला पॅड धुऊन चालत नाही, नवाच लागतो. पुन्हा पुण्याहून पॅड आले. चकत्या स्पिरिटनं तीनतीनदा पुसल्या, पॉलिश पेपरनं घासल्या. शिमा नव्या. जुने चारही पॅड मात्र भंगारात टाकायचं मन होईना, ते गणपतीच्या फळीवर ठेवून दिले, माझ्या तोंडाला कुलूप म्हणून. या खेपेला पॅड रुळवायला मी देवळी रस्त्याला दोनदा जाऊन आलो.

गाडी न्यायला दोघंही आले. वहिनी काय करणार हे मला माहीत नव्हतं, गुलाबरावांनाही नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, तुमी आज येस्टीनं जा. आर्वीपर्यंत मी बसतो भाऊच्या बाजूले. ब्रेक कसा लागते ते माया डोळ्यांनं पाहतो, मंग तुमी ठरवा."

वहिनींनी गाडीत वाकून पाहिलं. "दोनच सीटा आहेत," त्या म्हणाल्या. "तुमी बसले तं मी कुठं बसू?"

आणि दार उघडून बसल्या. गुलाबरावांनी उगाच बोनेट पुसायला घेतलं, स्वच्छ असलेलं. मलाही फळ्या उचलायचं काम आठवलं.

तासाभरानं आर्वीहून फोन आला. "पोचलो," गुलाबराव म्हणाले. "आवाज नाई. कोनाचाच नाई. हात डॅशबोर्डले धरून बसली होती, एक शब्द बोलली नाई." त्यांच्या आवाजात थोडं हसू होतं आणि बरंचसं दुसरं काही. ब्रेक चूप करणं माझ्या हातात होतं. माणसाला बोलतं करायची शिम कोणाकडे मिळत नाही.

मग दसरा आला. त्या दिवशी आम्ही हत्यारं धुऊन मांडतो, पाने, जॅक, सगळं. दहाच्या सुमारास पिवळी गाडी आली. मला कळलंच नाही, मागे वळलो तर उभी होती. वहिनी उतरल्या, हातात वाटी. वाटी पाहून माझा जीव खालीवर झाला. त्या सरळ आत आल्या, फळीवरचे ते चार जुने पॅड खाली घेतले, पाटावर ओळीनं मांडले आणि एकेकाला शेंदराचं बोट लावलं.

"इथं चालते ना?" त्यांनी विचारलं.

"इथं पाहिजे तेवढा लावा," मी म्हटलं. पुढे आणखी काही सुचलं होतं, चांगलं वाक्य होतं, पण गिळून टाकलं.

सोनं दिलं, सोनं घेतलं. दोघं निघाले. मी शेडच्या दारात उभा राहून कान लावला, ही माझी खोडच आहे. नाक्यावर आर्वीची येस्टी वळत होती. पिवळ्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले, गाडी थांबली. शिट्टी नाही, कुरकुर नाही. काचा खाली होत्या, आणि इतक्या दुरूनही वहिनींचा आवाज मला साफ ऐकू आला. "अहो, थांबा ना पूर्ण, जाऊ द्या त्याले आधी. आन् घरी जाताना मेथी घ्याची आहे, काल बी विसरले. आन् पोरीचा फोन आला तं तिले म्हणा..." येस्टी वळून गेली, दिवे विझले, गाडी पुढे निघाली. त्या बोलतच होत्या आणि गुलाबराव मान डोलवत होते.